आधी पाहुणा, मग निरोप्या

(पहिल्या सुवार्ताफेरीस निघणाऱ्यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : लूक १०:१-२०, प्रे. कृत्ये १३:१-१३, १४:८-२८



दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघ व भगिनी मंडळे सुवार्ताफेरीचा विचार करू लागतात. बेळगावची मंडळी खानापूर किंवा संकेश्वराकडे पाहते, निपाणीची मंडळी चिकोडीकडे आणि वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या खेड्यांकडे पाहते. गाडी ठरते, वर्गणी गोळा होते, ढोलकी व टाळ बाहेर निघतात, पत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात. जाणाऱ्यांपैकी काहीजणांची ही पहिलीच फेरी असते व त्यांचा उत्साह पाहून वडीलधाऱ्यांनाही आनंद वाटतो. हा उत्साह देवाचे दान आहे. तो कोणी थंड करू नये.

परंतु अशा फेरीच्या तयारीसाठी ज्या बैठका होतात, त्यांत बहुतेक वेळ एकाच प्रश्नात जातो : आपण तेथे जाऊन काय सांगायचे? साक्ष कोणी द्यायची, गीते कोणती म्हणायची, संदेश किती मिनिटांचा असावा, हे सारे ठरते. आपण तेथे जाऊन कसे राहायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. प्रभु येशूने आपल्या शिष्यांना पहिल्यांदा पाठवले तेव्हा त्याने मात्र या दुसऱ्या प्रश्नाविषयीच अधिक सांगितले. या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

१. प्रभूने लावलेला क्रम

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडावा. बारा शिष्यांखेरीज आणखी सत्तर जणांना (काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा बहात्तर आहे) प्रभूने निवडले व दोघादोघांना पुढे पाठवले. पहिल्याच वचनात एक गोष्ट आहे, ती घाईत सुटते. ज्या गावी प्रभु स्वतः जाणार होता, त्याच गावी त्याने त्यांना पाठवले. म्हणजे त्या गावाचे तारण या शिष्यांच्या हाती नव्हते. खरा येणारा मागून येत होता. यांनी वाट तयार करावी, एवढेच काम होते. पहिल्या फेरीस जाणाऱ्याच्या छातीवरचे पुष्कळ ओझे या एका वचनाने उतरते.

आता पाचव्यापासून नवव्या वचनापर्यंत क्रम कसा आहे तो नीट पाहा. घरात शिरताना पहिली गोष्ट म्हणजे त्या घराला शांतीचा आशीर्वाद द्यावयाचा. दुसरी, त्याच घरी राहावयाचे, घरे बदलीत फिरायचे नाही, आणि वाढतील ते खायचे. तिसरी, तेथील दुखणाइतांकडे लक्ष द्यावयाचे. आणि मग चौथी गोष्ट येते : देवाचे राज्य जवळ आले आहे, हे सांगायचे. उपदेश चौथा आला! त्याआधी शांती आली, भाकरी आली, आजाऱ्याची विचारपूस आली.

आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. गाडीतून उतरताच गाणे सुरू होते, गाण्यानंतर संदेश, संदेशानंतर पत्रिका, आणि शेवटी आपल्याच डब्यांतील जेवण आपणच एखाद्या झाडाखाली बसून खातो व पुढच्या गावाला जातो. दिवसाकाठी पाच गावे झाली असे आपण अहवालात लिहितो. त्या पाच गावांपैकी एकाही घरच्या पाण्याची चव आपल्याला माहीत नसते.

प्रभूने शिष्यांना पिशवी नाही, झोळी नाही, जादा वहाणा नाहीत असे का पाठवले असावे? ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्याला कोणाच्या दारी थांबावे लागत नाही. ज्याच्याजवळ काही नाही त्याला पाणी मागावे लागते, आसरा मागावा लागतो. मागणारा मनुष्य यजमानापेक्षा मोठा होऊन बोलू शकत नाही. शमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूनेही आरंभ पाणी मागून केला (योहान ४:७). म्हणून पहिल्या फेरीचा पहिला नियम असा लिहून ठेवावा : आधी पाहुणा, मग निरोप्या.

२. रिकाम्या हातांचे बळ

येथे एका नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. आपण गावात जाताना कपडे, वह्या, खाऊ, औषधे अशा वस्तू नेतो. मन चांगले असते. पण ज्या दिवशी आपण प्रथमच सुवार्ता सांगतो, त्याच दिवशी त्याच हाताने वस्तूही वाटल्या, तर ऐकणाऱ्याला शब्द कोणता व सौदा कोणता हे कळत नाही. शेजाऱ्यालाही कळत नाही आणि पुढे त्यावरून बोलणे होते.

देशाचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे व प्रत्येक सुवार्ता-सेवकाला तो ठाऊक असला पाहिजे. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे इतरांस समजावून सांगणे म्हणजे प्रसार. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, फसवणूक व आमिष यांविरुद्ध निरनिराळ्या राज्यांत वेगवेगळे कायदे आहेत. आपण सीमेवर राहणारी माणसे. सकाळी एका राज्यात निघतो व दुपारी दुसऱ्या राज्यात पोहोचतो. तेव्हा ज्या गावी जायचे तेथे त्या वेळी कोणता नियम लागू आहे, सभेसाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते, हे आपल्या पाळकांकडून व जाणत्या वकिलाकडून आधी विचारून घ्यावे.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा मोठे कारण आपल्या हाती आहे. आमिष दाखवून माणूस आणणे हे ख्रिस्ताच्या रीतीत बसतच नाही. त्याने रिकाम्या हातांनी पाठवले. गरजूला मदत करणे हे आपले कर्तव्यच आहे. ती मंडळीने वर्षभर करावी, जात-धर्म न विचारता करावी, आणि फेरीच्या दिवसाशी तिची गाठ बांधू नये. आजाऱ्यासाठी प्रार्थना त्याच्या संमतीने अवश्य करावी. पण चालू औषध बंद करा असे कोणीही, कितीही विश्वासाच्या भरात, सांगू नये. उलट, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्याच्या सोबत जाण्यास आपल्यातील एकजण तयार असावा. तेही लूक १०:९ चेच आज्ञापालन आहे.

३. लुस्त्रात काय घडले

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४. पौल व बर्णबा यांची ही पहिलीच मोठी फेरी. लुस्त्र गावी जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य पौलाच्या शब्दाने उठून चालू लागला. लोकांत एकच गलबला झाला. अकराव्या वचनात लूक एक लहानशी नोंद करतो : लोक लुकवनी भाषेत ओरडू लागले. पौल ग्रीक बोलत होता. त्याचे ग्रीक त्या लोकांना समजत होते, बाजारात तेही ग्रीक बोलत असतील. पण मन उचंबळून आले तेव्हा त्यांच्या तोंडून घरची भाषा निघाली, आणि ती या दोघा प्रेषितांना कळली नसावी. लोक त्यांना देव समजून बसले, पुजारी बैल व हार घेऊन वेशीपर्यंत आला, तेव्हा कोठे प्रकार त्यांच्या ध्यानी आला व ते कपडे फाडून गर्दीत धावले.

आपल्या भागातील मनुष्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आपण सीमाप्रश्न जगत आलो आहोत. बेळगावचे नाव सरकारी दप्तरी २०१४ पासून बेळगावी झाले. पाट्यांच्या भाषेवरून डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. त्या प्रश्नात कोणाची बाजू न्यायाची, हा या पाठाचा विषय नाही. परंतु सुवार्ताफेरीला निघालेल्याने एवढे ओळखावे की, आपल्या खेड्यांत बाजाराची भाषा एक व चुलीजवळची भाषा दुसरी, अशी घरे पुष्कळ आहेत. चिकोडी-हुक्केरीकडे तर एकाच घरात सासू कानडी बोलते, सून मराठी बोलते व नातू दोन्हींची खिचडी करतो. तेथे आपण शुद्ध पुस्तकी मराठीत अर्धा तास संदेश दिला व सर्वांनी माना डोलावल्या, म्हणजे सर्वांस कळले असे समजू नये. लुस्त्राचे लोकही ऐकतच होते.

म्हणून प्रत्येक जोडीत एकजण तरी कानडी जाणणारा असावा. आणि ज्याला येत नाही त्याने निदान दहा वाक्ये शिकून जावे. जेवण झाले का, या अर्थी 'ऊटा आतेन्री?' एवढे विचारता आले तरी म्हातारीच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते लांब भाषणाने उमटत नाही. आपण मराठी माणसे; आपली भाषा आपल्याला प्रिय आहे व असावी. ज्याला स्वतःची भाषा प्रिय आहे त्यालाच दुसऱ्याच्या भाषेची किंमत कळली पाहिजे. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एक भाषा दिली नाही, प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू येईल असे केले (प्रे. कृत्ये २:८).

लुस्त्रात पौलाने मग काय सांगितले, तेही पाहण्यासारखे आहे. यहूदी सभास्थानात तो अब्राहाम, मोशे व दावीद यांच्यापासून आरंभ करीत असे. येथे त्याने पाऊस, पिकांचे हंगाम, पोटभर अन्न व मनाचा आनंद यांपासून आरंभ केला (१४:१७). शेतकऱ्यांशी तो शेतावरून बोलला.

निपाणी भागात शेतावरून बोलायचे तर काय बोलाल? येथील काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकला आहे. गावात तंबाखूच्या वखारी आहेत, घरोघर बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात व मजुरी हजारी मोजली जाते. भावासाठी याच तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते. ६ एप्रिल १९८१ रोजी तेथे गोळीबार झाला व शेतकऱ्यांचे प्राण गेले. ती आठवण या भागात अजून जिवंत आहे.

आता कल्पना करा की शहरातून आलेला आपला तरुण अशा घराच्या अंगणात उभा राहतो व पहिलेच वाक्य बोलतो की तंबाखू हे पाप आहे. व्यसन वाईट आहे, यात वाद नाही. ते सांगण्याची वेळही येईल. पण समोर बसलेल्या बाईच्या छातीत तंबाखूची धूळ जाऊन तिला खोकला लागला आहे, तिची बोटे चालली तरच संध्याकाळची चूल पेटते, आणि तिला दुसरे काम कोणी दिलेले नाही, हे त्याने विचारलेले नसते. त्याने आधी सुपाशेजारी बसावे. आज किती झाल्या, वळायला कधीपासून लागला, पाने कशी आली, हे विचारावे. अर्धा तास ऐकावे. कष्टी व भाराने वाकलेल्यांना प्रभूने बोलावले आहे (मत्तय ११:२८), हे वचन मग तिला सांगावे लागणार नाही असे नाही. पण ते सांगणाऱ्याला आपण कोणापुढे बोलत आहोत ते ठाऊक असेल.

४. बेळगावचे बीज

आपल्याच भूमीत सुवार्तेचे पहिले पाऊल कसे पडले, ते तरुणांना सांगितले पाहिजे. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले होते, तरी ते चिकाटीने राहिले व मराठी शिकले. हॉल यांचा अंत फेरीवरच झाला. नाशिककडच्या दौऱ्यात पटकीची साथ चालू असता त्यांना तोच आजार झाला, व २० मार्च १८२६ रोजी, घरापासून दूर, त्यांनी देह ठेवला. वय अवघे ४१ होते.

आपल्या बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे रेव्ह. जोसेफ टेलर आले. त्यांच्यामागून काही वर्षांनी रेव्ह. विल्यम बेनन आले. बेनन-स्मिथ शाळेच्या नावात त्यांची आठवण आजही आहे. शाळा चालवणे, भाषा शिकणे, बाजारात व गावांत जाणे, अशी वर्षांमागून वर्षे गेली. १८३१ साली याच बेळगावात एका कासार कुटुंबात एक मुलगा जन्मला व पुढे मिशनच्या शाळेत जाऊ लागला. त्याने तेथे जे ऐकले ते मुंबईच्या शिक्षणातही त्याच्या सोबत राहिले, आणि १८५४ साली त्याने बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ते बाबा पदमनजी होत. टेलरसाहेब आल्यापासून चौतीस वर्षांनी!

याच बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणच्या विधवांना भेटतात व त्यांची दुःखे ऐकून घेतात. लेखकाला विधवांविषयी सांगायचे होते. त्यासाठी त्याने आपल्या पात्रांना आधी ऐकायला पाठवले. पहिल्या फेरीस जाणाऱ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे.

बेळगावातील लंडन मिशनचे काम १९०४ साली मेथडिस्ट मिशनकडे सोपवण्यात आले. पेरणारा एक, कापणारा दुसरा, हे प्रभूचे म्हणणे (योहान ४:३७) आपल्या गावातच खरे झाले.

आणि पाठवणी केवळ परदेशातून आपल्याकडे झाली असेही नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे मिशनरी कोल्हापुरास आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. पुढे १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे एक शिबिर झाले. तेथे शंभर तरुण परराष्ट्र सेवेसाठी पुढे आले. त्यातून जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिच्या प्रारंभकर्त्यांत हा रॉबर्ट होता. आपल्या देशातही, १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर येथे भारतीय ख्रिस्ती पुढाऱ्यांनी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन केली. हेतू हा की भारतीय मनुष्यांनी, भारतीय पैशाने, भारतीय रीतीने हे काम करावे. आज आपला तरुण संघ निपाणीच्या वाटेला लागतो तेव्हा तो याच रांगेत शेवटी उभा असतो.

५. मागे राहणारे घर

पहिल्या फेरीत कधीही विसरू नये अशी गोष्ट आता सांगतो. आपण ज्या गावी जातो तेथे पुष्कळदा आपल्या विश्वासाचे एकच घर असते, दोन घरे असतात. आपण येतो, गातो, बोलतो आणि संध्याकाळी वडापने किंवा बसने परत फिरतो. आपल्या बोलण्याने जे काही उठेल, चांगले वा वाईट, ते त्या घराला सोसायचे असते. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, पंचायतीत प्रश्न त्यांना विचारले जातात.

आमच्या भागातील एका खेड्यात अशाच एका घरची आजी सुवार्ताफेरीतील मुलांना निरोप देताना म्हणाली, "लई ग्वाड गायलासा रं बाळांनो. पर तुमी जातासा निघून. आमास्नी हितंच ऱ्हायाचं हाय." तिने तक्रार केली नव्हती. पण सुवार्तेच्या कामाचा एक मोठा धडा त्या दोन वाक्यांत आहे.

तेव्हा जाण्याआधी त्या घराला विचारा : आम्ही यावे का? केव्हा यावे? कितीजणांनी यावे? ध्वनिवर्धक लावावा की अंगणातच बसावे? ते 'यंदा नको' म्हणाले तर जाऊ नये. गावच्या देवळाविषयी, जत्रेविषयी, कोणाच्या पूजेविषयी एकही हिणकस शब्द तोंडातून निघू नये. लुस्त्रातही पौलाने लोकांना खोट्या गोष्टींकडून जिवंत देवाकडे वळा असे सांगितले, पण टवाळी केली नाही. लहान मुलांना आईबापांच्या संमतीवाचून एकत्र जमवू नये. आणि मोबाइल खिशात ठेवावा. प्रार्थना करणाऱ्या बाईचे छायाचित्र काढून ते त्याच रात्री व्हॉट्सॲपवर पाठवणे आपल्याला साधे वाटते. पण ते फिरत फिरत तिच्याच गावात परत येते व तिचे जगणे कठीण होते.

पौल व बर्णबा यांनी या मागे राहणाऱ्यांचे काय केले? लुस्त्रात पौलावर धोंडमार झाली, मेला समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकले. दुसऱ्या दिवशी ते दर्बेस गेले. तेथून स्वगृही जाण्याचा दुसरा मार्ग शोधता आला असता. तरीही ते लुस्त्रास परत आले, इकुन्यास आले, पिसिदियातील अंत्युखियास आले. शिष्यांना धीर दिला व प्रत्येक मंडळीत वडील नेमले (१४:२१-२३). ज्या गावी धोंडे पडले त्याच गावी पुन्हा जाणे, ही खरी सुवार्ताफेरी. पाच नव्या गावांना एकदा जाण्यापेक्षा एका गावाला पाच वेळा जावे.

आणि त्याच लुस्त्राच्या भेटीत पुढे पौलाला कोण मिळाला? तीमथ्य (१६:१). बाप ग्रीक, आई यहूदी : म्हणजे तेही सीमेवरचेच घर. आजी लोईस व आई युनीके यांनी त्या घरात विश्वास जपला होता (२ तीमथ्य १:५). आपली खिचडी भाषा बोलणारी घरे देवाला कमीपणाची वाटत नाहीत. त्यांतूनच तो दोन्हीकडच्यांना समजणारे सेवक काढतो.

६. परत फिरलेला मुलगा

पहिल्या फेरीस सर्वचजण शेवटपर्यंत टिकतील असे नाही. योहान मार्क पौल-बर्णबांबरोबर निघाला व पिर्गा येथून परत गेला (१३:१३). का गेला ते लूक सांगत नाही. घरची आठवण आली असेल, डोंगरवाटेची भीती वाटली असेल. पौलाला ते इतके लागले की पुढच्या फेरीत मार्कला घेण्यावरून त्याचे व बर्णबाचे बिनसले आणि दोघे वेगळे झाले (१५:३७-३९). बर्णबाने मात्र त्या मुलाला सोडले नाही. वर्षे लोटली, आणि तुरुंगातून लिहिताना पौलच म्हणतो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे मनात ठेवावे. साक्ष देताना जिची जीभ अडखळली, परक्या घरचे जेवण ज्याला जाईना, जो दुसऱ्याच दिवशी घरी जातो म्हणून रडला, त्याची चेष्टा मंडळीत होऊ देऊ नये. प्रत्येक तुकडीत एक बर्णबा असावा.

७. परत आल्यावर

सत्तरजण आनंदाने परत आले व भुतेही आम्हांला वश होतात असे सांगू लागले. प्रभूने त्यांचा आनंद नाकारला नाही, पण त्याची दिशा बदलली : या यशाचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद माना (१०:२०). पौल व बर्णबाही अंत्युखियास परतले, मंडळी जमवली, आणि देवाने आपल्याबरोबर राहून काय केले ते सांगितले (१४:२७).

आपल्या अहवालात आकडे असतात : सभा किती, पत्रिका किती, श्रोते किती. ते ठेवावेत, हिशेब स्वच्छ असावाच. पण मंडळीपुढे उभे राहून असेही सांगावे की, आम्ही कोणाच्या घरी जेवलो, काय ऐकले, कोण आजारी आहे, कोणाला कशाची काळजी आहे, आणि पुन्हा केव्हा येतो असे सांगून आलो. ज्या मंडळीने वर्गणी दिली तिला प्रार्थनेसाठी नावे मिळाली पाहिजेत. ती नावे मात्र प्रार्थनेच्या वहीतच राहावीत, चावडीवर जाऊ नयेत.

शिक्षकांसाठी सूचना

हा पाठ दोन रविवार घ्यावा. पहिल्या रविवारी लूक १०:५-९ वाचून मुलांनी चार आज्ञा फळ्यावर क्रमाने लिहाव्यात व आपल्या मंडळीच्या मागील फेरीत कोणता क्रम होता ते ताडून पाहावे. दुसऱ्या रविवारी लुस्त्राचा प्रसंग करून दाखवावा. लोकांची वाक्ये कानडी येणाऱ्या मुलांनी कानडीत बोलावीत व पौल-बर्णबा झालेल्यांना त्यांचा अर्थ आधी सांगू नये. वर्गाला हसू येईल. ते आवरल्यावर विचारावे : न कळणाऱ्याला कसे वाटले? आणि ज्याचे बोलणे कोणाला कळेना, त्याला कसे वाटले?

चर्चेसाठी प्रश्न :

१. प्रभूने घरे बदलू नका असे का सांगितले असावे? श्रीमंत घरचे निमंत्रण नंतर आले तर काय करावे?

२. आपल्या मंडळीपासून दहा कोसांच्या आत असे कोणते गाव आहे, जेथे एकच ख्रिस्ती घर आहे? त्या घराला आपण शेवटचे केव्हा भेटलो, आणि काही सांगण्यासाठी गेलो होतो की विचारण्यासाठी?

३. मदत व आमिष यांतील फरक लहान मुलाला समजेल अशा शब्दांत कसा सांगाल?

४. आपल्या वर्गात मार्क कोण आहे? त्याचा बर्णबा कोण होईल?

प्रार्थना

हे प्रभु, ज्या गावी तू स्वतः जाणार आहेस तेथे आम्हांला पुढे पाठव. आमचे हात रिकामे व कान उघडे ठेव. जे घर आम्हांला भाकर देईल त्यावर तुझी शांती राहो, आणि आम्ही परतल्यावरही तू तेथे राहा. आमेन.